‘न’वर संपणारी नावं: रोनन, नरिमन, मिलन आणि बडोद्यातलं बारसं

बडोद्यातल्या मराठी घरांत बाळाच्या नावाचं पहिलं अक्षर बहुतेक वेळा पत्रिकेतून येतं. २७ नक्षत्रं, प्रत्येकाचे ४ चरण, एकूण १०८ अक्षरं, आणि त्यातलं एक बाळाच्या वाट्याला. शेजारच्या गुजराती घरात हिशोब राशीवर होतो: मेषेला अ, ल, ई, तुळेला र, त, वृश्चिकेला न, य. यातली काही अक्षरं अडचणीची आहेत. हस्ताच्या तिसऱ्या चरणाला ‘ण’ येतो, आर्द्रेच्या तिसऱ्याला ‘ङ’, आणि त्यांवरून नाव सुरूच होत नाही. मग जवळचं दुसरं अक्षर घ्यावं लागतं.

शेवटच्या अक्षराबद्दल पंचांग काहीच सांगत नाही. तिथली निवड आईवडिलांची आणि आत्याची, आणि सध्या ती वारंवार ‘न’वर येऊन थांबते: विवान, कियान, रेयान, अयान, विहान, ईशान. थोरल्याचं नाव ईशान असेल तर धाकट्यासाठी त्याला जुळणारं, पण वर्गात आणखी चौघांचं नसेल असं नाव हवं असतं. मग शोध आयर्लंड, तुर्कस्तान, इराण, जपानपर्यंत जातो. असा शोध घ्यायला काहीच हरकत नाही. अडचण इतकीच, की इंटरनेटवरच्या याद्या ही सगळी नावं एका रांगेत मांडतात आणि प्रत्येकासमोर दोन शब्दांचा अर्थ टाकून मोकळ्या होतात. शेवटचा ‘न’ प्रत्येक भाषेत निराळं काम करतो. आयरिश नावात तो ‘लहान’ असं सांगतो, तुर्की नावात तो ‘खान’चा तुकडा असतो, हिब्रूत धातूचंच अक्षर, आणि नायजेरियातल्या योरुबा भाषेत तर तो पूर्ण ‘न’ नसतोच. नावाची फोड कुठे होते हे कळलं, की त्याचा सांगितलेला अर्थ खरा की रचलेला हेही बरंचसं कळतं.

‘न’ इतका सर्वत्र का

प्रत्येक भाषा शब्दाच्या शेवटी हवं ते व्यंजन येऊ देत नाही. हवाई बेटांच्या भाषेत प्रत्येक शब्द स्वरावरच संपतो, म्हणून जॉनचं तिथे केओनी होतं. न्यूझीलंडच्या माओरी भाषेत होने. जपानीत शेवटी स्वर तरी येतो नाहीतर ‘न’. उत्तर चीनच्या मँडरिनमध्येही स्वरांखेरीज जवळजवळ ‘न’ आणि ‘ङ’ एवढेच आवाज शेवटी चालतात. म्हणजे ज्या भाषा बाकीची व्यंजनं दारातच अडवतात, त्यांतल्या बऱ्याच ‘न’ला आत घेतात. संस्कृत, अरबी, फारसी, हिब्रू, तुर्की, आयरिश या भाषांत तर तो हक्काने बसलेला आहे. वेगवेगळ्या संस्कृतींतली नावं एका अक्षरावर जुळवायची असतील, तर ‘न’इतका मोठा साठा दुसऱ्या व्यंजनाचा मिळणं कठीण.

अमेरिकेत ही लाट आपल्याकडच्यापेक्षाही जोरात आली. २०१० च्या आसपास तिथे जन्मलेल्या मुलग्यांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलांची नावं ‘न’वर संपत होती. एडन, जेडन, हेडन, ब्रेडन अशी यमकं जुळवत ती वाढली. आपल्याकडे विवान, कियान, रेयान याच चालीने पसरले: आधी शेवट आवडला, मग त्याला सुरुवात शोधली गेली, आणि अर्थ सर्वात शेवटी चिकटवला गेला.

एक खुलासा इथेच करायला हवा. लिहिलेलं अक्षर आणि उच्चारलेला आवाज या दोन गोष्टी आहेत. फ्रेंचमध्ये जॉनचं रूप लिहिताना शेवटी ‘न’चं अक्षर असतं, पण म्हणताना ‘झाँ’ असा नुसता नाकातला स्वर. योरुबातलं आदेदोयिन हे सुंदर नाव असंच आहे: ‘आदे’ म्हणजे मुकुट, ‘ओयिन’ म्हणजे मध, मुकुट मधासारखा गोड झाला. यातलं शेवटचं अक्षर फक्त आधीचा स्वर नाकातून काढायची खूण आहे. आपल्या अनुस्वाराने ते जास्त नीट लिहिता येतं.

नावाची फोड

आयरिश भाषेत शब्दाला ‘आन’ जोडला की लहान, लाडकं रूप तयार होतं. ‘रोन’ म्हणजे सील हा समुद्री प्राणी. रोनन म्हणजे छोटा सील. ‘रुआ’ म्हणजे तांबडा. त्यावरून रुआन, इंग्रजी वळणाने रोवन. अग्नी असा अर्थ असलेल्या एका जुन्या नावाचं लहान रूप म्हणजे एडन. आपण बाळाचं बाळू करतो, तेच काम हा ‘आन’ करतो. त्यामुळे आयरिश याद्यांत ‘छोटा’ हा शब्द पुन्हा पुन्हा दिसला तर नवल वाटायला नको; तो नावाच्या शेपटीतच आहे.

वेल्श भाषेत शेवट मुलगा-मुलगी सांगतो, आणि तोही एका स्वराच्या फरकाने. ‘ग्विन’ म्हणजे शुभ्र, पवित्र, हे पुल्लिंगी, ‘ग्वेन’ स्त्रीलिंगी. नावात जोडताना ‘ग’ गळून पडतो. कार्विन मुलाचं, कार्वेन मुलीचं; ‘कार’ म्हणजे प्रेम. ऑल्वेन म्हणजे शुभ्र पाऊल: वेल्श दंतकथेतली ही मुलगी जिथे पाऊल टाकी, तिथे पांढरी तिपानी फुलं उगवत. मुलीसाठी ‘न’वर संपणारं, ऐकायला हलकं आणि मागे खरी गोष्ट असलेलं नाव हवं असेल, तर ऑल्वेनचा विचार जरूर करावा.

फारसीतला ‘ईन’ मराठी माणसाला आधीच ओळखीचा आहे. रंगीन, शौकीन यांत तोच आहे. ‘सीम’ म्हणजे चांदी, सीमीन म्हणजे चांदीची. ‘जर’ म्हणजे सोनं, जर्रीन म्हणजे सोन्याची; आपली जरी आणि जरतारी शालू याच ‘जर’मधून आले. ‘माह’ म्हणजे चंद्र, त्यावरून माहीन. ही तिन्ही मुलींची नावं. शिरीन म्हणजे गोड, नसरीन म्हणजे रानगुलाब, परवीन म्हणजे कृत्तिकांचा तारकापुंज. कृत्तिका नक्षत्रावर जन्मलेल्या मुलीला परवीन हे नाव अर्थाने किती नेमकं बसतं, हे क्वचितच कुणाच्या लक्षात येतं.

पारशी नावांत आणखी जुना थर सापडतो. नरिमन आणि बहमन यांतला ‘मन’ म्हणजे अवेस्ता भाषेतला ‘मनह’, संस्कृत ‘मनस्’चा सख्खा भाऊ. नरिमन म्हणजे ज्याचं मन पुरुषार्थाचं. बहमन म्हणजे चांगलं मन, आणि तेच पारशी वर्षातल्या अकराव्या महिन्याचं नावही आहे. नवसारी, सुरत, बडोद्याच्या पट्ट्यात ही नावं पिढ्यानपिढ्या वावरली आहेत. ‘वेगळं हवं, पण परकं नको’ असं म्हणणाऱ्या घरासाठी बहमन अगदी योग्य ठरेल. अर्थ ‘सुमन’चाच.

अरबीत ‘फअलान’ नावाचा एक साचा आहे. धातूची अक्षरं त्यात घातली की ‘त्या गुणाने पुरेपूर भरलेला’ असा अर्थ येतो. दयेच्या धातूवरून रहमान. तहान भागण्याच्या धातूवरून रय्यान, म्हणजे पोटभर पाणी प्यालेला, तृप्त. इस्लामी परंपरेत रोजे ठेवणारे स्वर्गात ज्या दारातून जातात, त्याचं नाव रय्यान आहे.

तुर्की नावांत ‘हान’ दिसला की तो खान समजावा. ग्योकहान म्हणजे आकाशाचा खान. मंगोल नावं यापेक्षा साधी आणि प्रसन्न आहेत: नारान म्हणजे सूर्य, सारान म्हणजे चंद्र, आल्तान म्हणजे सोनेरी. यातला ‘न’ मजेदार आहे. आजच्या मंगोल बोलण्यात सूर्याला नुसतं ‘नार’ म्हणतात, आणि विभक्ती लागली की लपलेला ‘न’ परत बाहेर येतो. नावात मात्र तो कायमचा टिकला.

हिब्रूत ‘देणे’ या धातूत ‘न’ दोनदा येतो. नातान म्हणजे ‘त्याने दिलं’, मातान म्हणजे देणगी, योनातान म्हणजे ‘देवाने दिलं’, आपला देवदत्त. दुसरं मोठं कुटुंब योहानानचं, अर्थ ‘देवाने कृपा केली’. या एका नावाने जगभर प्रवास केला आणि बहुतेक ठिकाणी शेवटचा ‘न’ शाबूत ठेवला: रशियात इवान, स्पेनमध्ये हुआन, आयर्लंडमध्ये शॉन, स्कॉटलंडमध्ये ईअन, वेल्समध्ये एवन, जर्मनीत योहान, पोलंडमध्ये यान. आयरिश मुलींचं शिवॉन हेही याच घराण्यातलं, जुन्या फ्रेंच स्त्रीरूपावरून आलेलं. म्हणजे थोरला इवान, धाकटा ईअन आणि मुलगी शिवॉन अशी तीन ‘वेगळी’ नावं ठेवणाऱ्या घराने खरं तर एकच नाव तीनदा ठेवलेलं असतं. कुणाला ते आवडेलही. फक्त ठाऊक असावं.

संस्कृतात ‘न’ येण्याच्या वाटा बऱ्याच. मोहन, रंजन, नंदन यांत ‘अन’ प्रत्यय. ईशान यात ‘ईश्’ धातूला ‘आन’, म्हणजे सत्ता चालवणारा. हनुमान, भगवान यांत ‘मत्’ आणि ‘वत्’ यांचं प्रथमेचं रूप. सूर्याचं विवस्वान हे नावही याच शेवटच्या साच्यातलं, आणि विवान हे त्याचं आजकालचं आखूड रूप म्हणून ठेवलं जातं. ज्यांना सूर्याचंच नाव हवं आहे, त्यांनी विवस्वान ठेवायला काय हरकत आहे? तो शब्द भक्कम आहे आणि वर्गात दुसरा सापडण्याची शक्यता फार कमी.

एक उच्चार, दोन मुळं

याद्यांमधले बहुतेक घोटाळे इथे होतात. दोन भाषांतली दोन नावं कानाला सारखी लागतात आणि यादी एकाचा अर्थ दुसऱ्याला लावून देते.

मिलन हे गुजरातेत घरोघरी ठेवलं जाणारं नाव, अर्थ भेट. चेक, सर्बियन वगैरे स्लाव्ह भाषांतही मिलान आहे, पण तिथे ते ‘मिल’ म्हणजे प्रिय या शब्दावरून. दोघांचा संबंध नाही, तरी दोन्ही अर्थ चांगले, त्यामुळे परदेशी राहणाऱ्या घरासाठी हे नाव सोयीचं. आपला किरण आणि आयरिश किअरन यांचं नातं मात्र उलटं आहे. ‘किअर’ म्हणजे काळा, किअरन म्हणजे छोटा सावळा. एक प्रकाशाचा, दुसरा अंधाराचा. रेयानमध्ये अरबी रय्यान आणि आयरिश रायन मिसळले आहेत. आयरिश शब्द मुळात आडनाव, रियानच्या वंशातला अशा अर्थाचं.

सर्वात जास्त काळजी कियानबद्दल घ्यावी. फारसीत ‘कय’ म्हणजे राजा, त्याचं अनेकवचन कियान. कय-खुसरो, कय-काऊस हे इराणच्या पुराणकथांतले राजे त्या घराण्याचे. हा अर्थ पक्का आणि दमदार आहे. पण मराठी-हिंदी याद्या त्याला संस्कृत ठरवून ‘ईश्वराची कृपा’ वगैरे अर्थ देतात. संस्कृतात ‘कियान्’ हा शब्द खरोखरच आहे, ‘कियत्’चं पुल्लिंगी रूप, आणि त्याचा अर्थ ‘किती?’. बारशाला आलेल्या संस्कृतच्या शिक्षिका तो अर्थ सांगतीलच. तेव्हा नाव ठेवताना ते फारसी आहे हे सरळ सांगावं. त्यात कमीपणा काहीच नाही. पेशवाईतल्या कागदांतली मराठी फारसी शब्दांनी भरलेली आहे.

विहानबद्दल शंका नको. उत्तरेकडच्या बोलींत बिहान म्हणजे सकाळ, आजही वापरात. अरमान फारसीत आणि उर्दूत उत्कट इच्छा, कझाख भाषेत स्वप्न; पण त्या इच्छेत अपुरेपणाची हुरहुरही आहे, हे लक्षात घेऊन ठेवावं.

बडोद्याच्या कानाला काय ऐकू येतं

हिब्रूत ‘बेन’ म्हणजे मुलगा, आणि बेंजामिनचं लाडाचं रूपही बेन. बडोद्यात मुलाला बेन म्हटलं तर सगळी गल्ली बहीण समजणार. घरी मराठी बोलली जात असली, तरी रिक्षावाल्यापासून शाळेच्या शिपायापर्यंत सगळे गुजरातीतच हाक मारतात, म्हणून परीक्षा दोन्ही भाषांत घ्यावी. तुर्की कान हा ‘खाकान’ या सम्राटपदाशी जोडलेला शब्द, मराठीत नुसता अवयव. जपानी जुन सुरेख आहे, पण मराठीत जून म्हणजे महिना, किंवा कोवळेपण गेलेली भेंडी. शिन म्हटलं की शीण आठवतो, हान म्हटलं की हाण. जपानी रेन म्हणजे कमळ, आणि तिथे अलीकडे मुलांसाठी फार आवडीचं; इथल्या इंग्रजी शाळेत तो पाऊस होईल, पण पाऊस काही वाईट नाही. हिब्रू आलोन म्हणजे ओक वृक्ष, इंग्रजी कानाला मात्र एकटा.

अरबी झैन म्हणजे शोभा, देखणेपण. हे ‘ज’ने लिहिलं तर गुजरातेत ते सरळ जैन वाचलं जाईल. गुजराती लिखाणात तो आवाज ‘झ’ने दाखवायची रीत आहे, मराठीतही तसंच लिहावं, आणि पहिल्या कागदापासून तसंच लिहावं.

मराठी कानाला ‘न’वर संपणारं नाव आधी मुलाचंच वाटतं. मोहन, मदन, अर्जुन, गजानन यांची ती सवय आहे. म्हणून अयान मुलांना ठेवलं जातं, पण सोमालियात ते मुलीचं नाव आहे, अर्थ नशीब. रोशन पंजाबात पुरुषाचं, पारशी घरात बहुधा बाईचं. सारान मंगोलियात मुलीचं. शिरीन, नसरीन यांच्या बाबतीत इथे कुणाचा गोंधळ होत नाही. गुजरातेत त्यांची ओळख पक्की आहे.

न की ण

बारशाच्या ताटात तांदूळ पसरून अंगठीने नाव लिहितात, तेव्हा हा प्रश्न टाळता येत नाही. रोमन लिपीत दोन्हींसाठी एकच अक्षर आहे, त्यामुळे इंग्रजी यादीतून उचललेल्या नावात ‘न’ होता की ‘ण’ हे दिसतच नाही.

संस्कृतचा नियम असा: एकाच शब्दात आधी र, ष किंवा ऋ आला आणि पुढे ‘न’ आला, तर त्याचा ‘ण’ होतो. मध्ये स्वर, य, व, ह, कवर्ग किंवा पवर्ग आला तरी बदल होतोच. मध्ये चवर्ग, टवर्ग, तवर्ग, ल, श किंवा स आला, की बदल थांबतो. म्हणून किरण, चरण, वरुण, नारायण, श्रावण, अर्पण यांत ‘ण’. आणि अर्जुन व रंजन यांत ‘ज’ने, दर्शन यात ‘श’ने, कीर्तन यात ‘त’ने अडवल्यामुळे ‘न’. रमणमध्ये ‘म’ आहे, पण तो पवर्गातला, म्हणून ‘ण’. या हिशोबाने रोहनचं काटेकोर संस्कृत रूप रोहण होतं, आरोहणात आहे तसं. पण मराठीत रोहन ‘न’नेच रुजलं आहे आणि आता बदलायचं कारण नाही. आर्यनची गोष्ट वेगळी. संस्कृत शब्द आर्य, शेवटचा ‘न’ इंग्रजी विशेषणाचा. परदेशी नावांना हा नियम लागत नाही. रोनन, नरिमन, किअरन यांत ‘र’ असला तरी ‘न’च लिहावा.

गुजराती लिपीतही न आणि ण अशी दोन वेगळी अक्षरं आहेत. बडोद्यातल्या जन्मदाखल्यावर आणि आधार कार्डावर नाव गुजरातीत आणि इंग्रजीत छापलं जातं. मराठी देवनागरी तिथे नसते. इंग्रजीवरून गुजराती अक्षरं आपोआप तयार होतात, तेव्हा किरणचं किरन होऊ शकतं, मिलनचं मिलान होऊ शकतं. संगणकावर नोंद करणाऱ्याला गुजराती रूप स्वतः कागदावर लिहून द्यावं आणि पक्कं करण्याआधी पडद्यावर वाचून घ्यावं. नाव सांगून भागत नाही.

इंग्रजीत शेवटच्या ‘आन’साठी एक ‘ए’ लिहायचा की दोन, हाही निर्णय एकदाच घ्यायचा असतो. अंकशास्त्रासाठी दुसरा ‘ए’ वाढवला जातो, पण रुग्णालयाच्या कागदावर एक आणि आधारवर दोन असं झालं की पुढे पासपोर्टच्या वेळी दोन माणसं ठरतात. दोन ‘ए’चा एक खरा फायदाही आहे: वाचणाऱ्याला ‘वन’ नाही, ‘वान’ म्हणायचं हे कळतं. आयरिश किंवा तुर्की नावांतली अक्षरांवरची चिन्हं पासपोर्टच्या यंत्राने वाचायच्या ओळीत छापताच येत नाहीत, तिथे साधी २६ इंग्रजी अक्षरंच चालतात. त्यामुळे चिन्हांशिवाय नाव कसं वाचलं जातं ते आधीच पाहावं.

तोंडात बसतं का

नाव यादीत कितीही छान दिसलं, तरी मराठीत त्याला विभक्ती लागणार आहे. ‘न’वर संपणाऱ्या नावाला तृतीयेचा ‘ने’ किंवा ‘नं’ लागला की दोन ‘न’ एकमेकांवर येतात: ईशाननं, रोहनने. हे चालून जातं. रोननचं मात्र ‘रोनननं दूध प्यायलं’ होतं, तीन ‘न’ ओळीने, आणि घाईत एक गळतोच. घरात दिवसाकाठी हे वाक्य कितीदा येणार आहे, याचा विचार करावा. आइसलँडमध्ये १९९१ पासून यासाठी सरकारी नामसमिती आहे. नवं नाव त्यांच्या भाषेच्या विभक्त्या घेऊ शकतं का, हे ती तपासते. आपल्याकडे अशी समिती नाही, म्हणून हे काम आजीवर सोपवावं. नाव ला, ने, चा, शी लावून तिला पाचसहा वाक्यं म्हणायला सांगावीत. जीभ अडखळते कुठे ते लगेच कळतं.

गुजरातीत मोठेपणी नावाला भाई किंवा बेन लागणारच. ‘न’पुढे ‘ब’ आला की बोलताना ‘न’चा ‘म’ होतो: शिरीनबेनचं शिरीम्बेन ऐकू येतं. त्यात वाईट काही नाही. ऑल्वेनबेन मात्र वेन-बेन अशा यमकाने जड होतं. तिथे ऑल्वेनऐवजी सीमीन बरं. वडिलांचं नाव ‘न’ने सुरू होत असेल, तर बाळाचं नाव ‘न’वर संपवू नये हे उत्तम. रोनन नितीन म्हणताना मधला जोड विरघळतो आणि समोरचा ‘रोना’ लिहून घेतो. गुजरातेतल्या शाळांच्या नोंदींत पुष्कळदा आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव असा क्रम असतो, म्हणून नाव दोन्ही क्रमांत मोठ्याने म्हणून पाहावं. त्याच नोंदींत वडिलांच्या नावाला सवयीने ‘भाई’ आणि आईच्या नावाला ‘बेन’ जोडलं जातं. जन्मदाखल्यावर नितीन आणि शाळेत नितीनभाई, ही विसंगती मुलाच्या नावातल्या चुकीइतकीच पुढे त्रास देते.

दाखल्याची मुदत

नाव ठरायच्या आतच जन्माची नोंद करावी लागते. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे जन्माची माहिती २१ दिवसांत द्यायची असते. रुग्णालयात जन्म झाला तर ती रुग्णालयाकडून जाते. बारसं बाराव्या-तेराव्या दिवशी झालं तर नाव त्याच मुदतीत बसतं. नाव नक्की नसेल तर घाईने अर्धवट पटलेलं नाव भरण्यापेक्षा ती जागा मोकळी ठेवून नोंद करावी. नावाशिवाय झालेल्या नोंदीत, नोंदणीच्या तारखेपासून १२ महिन्यांच्या आत नाव विलंब शुल्काशिवाय घालता येतं, आणि त्यानंतर १५ वर्षांपर्यंत शुल्क भरून. ही सोय कायद्यानेच दिलेली आहे आणि ती फार कमी लोक वापरतात. न की ण, एक ‘ए’ की दोन, झ की ज हे सगळं ठरवायला वर्षभर मिळतं.

या बडोद्यातच १८७५ साली दत्तकविधानात गोपाळरावाचे सयाजीराव झाले आणि एका समारंभात नवं नाव सर्वांना मान्य झालं. आज तसं होत नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर, त्या तारखेला किंवा पुढे जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदारयादी, विवाहनोंदणी, पासपोर्ट, आधार अशा कामांत जन्माची तारीख आणि ठिकाण जन्मदाखल्यावरूनच सिद्ध करायचं असतं. म्हणून दाखला हातात आला की आधी शेवटचं अक्षर वाचावं, गुजरातीतही आणि इंग्रजीतही. चूक असेल तर कायद्याच्या १५ व्या कलमाखाली निबंधकाकडे दुरुस्तीचा अर्ज करता येतो. मूळ नोंद खोडली जात नाही. दुरुस्ती समासात लिहून त्यावर निबंधकाची सही आणि तारीख पडते. हा अर्ज आधार काढायच्या आधी करावा, म्हणजे चुकीचं रूप पुढच्या कागदांवर उतरत नाही.